हॅचरीतल्या सिस्टर

"समजा, आज संध्याकाळी घरी जाताना तुम्ही पुलावरून नदीत पडलात, तर उद्या सकाळी या खोक्यांवर चिठ्ठ्या कोण चिकटवणार?"

हॅचरीत कामाला लागून मला दोन तासही झाले नव्हते, तेव्हा सिस्टरांनी हा प्रश्न विचारला. माझं लग्न होऊन तीन महिने झाले होते. मी राहू गावचा. रोज मोटारसायकलवरून भीमा ओलांडून मांडवगणच्या बाजूला यायचं होतं, त्यामुळे पुलाचा विषय अगदीच हवेतला नव्हता. मी कसंनुसं हसून म्हटलं, "सिस्टर, पहिल्याच दिवशी कशाला मारताय?" त्या हसल्या नाहीत. "मारत नाही, विचारतेय. तुमचं काम दुसऱ्या कुणाला येतं का?" मी म्हटलं, ते अजून मलाच येत नाही. "मग दोघं मिळून शिका," असं म्हणून त्यांनी कमल नावाच्या एका बाईला हाक मारली आणि माझ्या शेजारी उभं केलं. मला मनातून राग आला. नोकरी लागली म्हणून घरी पेढे वाटून आलो होतो आणि इथं माझ्या जागी माणूस तयार करायला सुरुवातसुद्धा झाली होती.

हॅचरी म्हणजे काय ते आधी सांगतो. कोंबडीची अंडी आम्ही मशीनमध्ये उबवतो. पहिले अठरा दिवस ती सेटर नावाच्या मोठ्या कपाटात असतात, शेवटचे तीन दिवस हॅचर नावाच्या दुसऱ्या कपाटात. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात आणि त्याच दिवशी खोक्यांत भरून शिरूर-दौंडच्या पोल्ट्र्यांवर रवाना होतात. ती रवाना करणं हे माझं काम. या एकवीस दिवसांत मशीन थांबून चालत नाही. कारखान्यात लाईट गेली तर माल तसाच पडून राहतो, लाईट आली की पुढे जातो. आमचा माल जिवंत असतो, तो थांबत नाही.

सिस्टरांचं नाव एस्तेर. शिरूरला मिशन कंपाउंडच्या मागे राहायच्या, दर रविवारी उपासनेला जायच्या आणि तिथूनही हॅचरीत एक फोन करायच्या. तीसेक वर्षं नर्स म्हणून काम केलेलं. ज्या हॉस्पिटलात होत्या तिथला बाळंतपणाचा वॉर्ड बंद झाला, आणि आमच्या मालकांना मशीनकडे लक्ष ठेवणारं कुणीतरी हवं होतं. अंगाने किरकोळ, अंगात मापापेक्षा मोठा पांढरा कोट, कोटाच्या खिशाला उलटं टाचलेलं घड्याळ. बोलणं मिशनच्या शाळेतलं, स्वच्छ. आमच्यातलं कुणी "हाय" म्हणालं की त्या टोकायच्या नाहीत, पण स्वतः "आहे" म्हणायच्या. अंड्यांना त्या पेशंट म्हणायच्या. "तीन नंबरचे पेशंट आज कसे आहेत?" असं त्या इतक्या गंभीरपणे विचारायच्या, की नवा माणूस इकडेतिकडे खाटा शोधायचा.

पण त्यांचा खरा शब्द होता 'चार्ज'. नर्सची ड्यूटी संपली की ती पुढच्या नर्सला वॉर्डाचा चार्ज देते, एकेका खाटेपाशी उभी राहून, कुणाला काय होतंय आणि काय द्यायचंय ते सांगून. तेच त्यांनी हॅचरीत आणलं. पाळी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला प्रत्येक मशीनपाशी नेऊन चार्ज द्यायचा. तोंडाने सांगायचं, समोरच्याने ते परत म्हणून दाखवायचं, मगच घरी जायचं. आमचा राजकिशोर, जनरेटर सांभाळणारा, बिहारहून सणसवाडीच्या कंपनीत आलेला आणि तिथून आमच्याकडे. त्याला पहिल्या दिवशी सिस्टरांनी विचारलं, "चार्ज दिला का?" त्याने खिशातून मोबाईलचा चार्जर काढला आणि मोठ्या अदबीने त्यांच्या हातावर ठेवला. आम्ही आठवडाभर हसत होतो. सिस्टरांनी तो चार्जर शांतपणे त्याला परत दिला आणि पुढचा अर्धा तास जनरेटरभोवती फिरून त्याला चार्ज म्हणजे काय ते शिकवलं.

आमचे मालक म्हणजे आप्पा. आप्पांचे वडील मेंढरं घेऊन पावसाळ्यानंतर कोकणात उतरायचे. आप्पांच्या काळात मेंढरं गेली, शेती आली, आणि शेतीच्या कडेला ही हॅचरी. माणूस जिवाला जीव देणारा, पण ऐकून घेण्याच्या बाबतीत जरा कमीच. सिस्टर कामाला लागण्याच्या आधी, एका जानेवारीत, भल्या सकाळी लाईट गेली होती आणि जनरेटर सुरूच झाला नाही. हॅचरमध्ये विसाव्या दिवसाची अंडी होती. बाहेर कडाक्याची थंडी. आप्पांनी घरातली होती नव्हती तेवढी घोंगडी आणली आणि हॅचरची दारं गच्च लावून वरून ती गुंडाळली. मेंढरांत असंच करतात. कोकरू गारठलं की त्याला घोंगडीत घ्यायचं. दोन तासांनी दार उघडलं तर अख्खी बॅच अंड्यातच मेलेली. ज्या कंपनीची अंडी आम्ही उबवून देतो, तिने तेव्हाच बजावलं, की पुन्हा असं एकदा जरी झालं तरी अंडी दुसऱ्या हॅचरीला जातील. म्हणजे हॅचरीला कुलूप, आणि आम्ही वीसबावीस माणसं सणसवाडीत खोली शोधायला मोकळी.

हे सगळं मी कामाला लागायच्या आधीचं, जुन्या माणसांकडून ऐकलेलं. सिस्टर कामासाठी भेटायला आल्या तेव्हा आप्पांनी त्यांना ही हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाले, "आजून दोन घोंगडी आसती ना बाई, तर वाचली आसती."

सिस्टरांनी विचारलं, "आत हात घालून पाहिला होता का?"

"हात कशाला? थंडी आत शिरंल की."

"थंडीने नाही मेली ती. तुम्ही त्यांना उकडून मारलंत."

आप्पांच्या तोंडावर असं बोलायची त्या आवारात कुणाची टाप नव्हती. सिस्टरांनी समजावून सांगितलं, की पहिल्या आठवड्यात अंड्याला बाहेरून ऊब लागते, तेव्हा लाईट गेली तर झाकायचं. शेवटच्या आठवड्यात आतलं पिल्लू स्वतःच गरम असतं, मशीनचा पंखा त्याची उष्णता बाहेर काढत असतो. पंखा थांबला की दारं उघडायची. "दिवस भरत आलेल्या बाईला पांघरूण घालाल का तुम्ही?" त्या म्हणाल्या. आप्पा चार दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी सिस्टरांना निरोप धाडला, की सोमवारपासून या. पण ते पटलं म्हणून धाडला असं मला कधी वाटलं नाही. नर्स आहे, शिकलेली आहे, एवढंच त्यांनी धरलं. घोंगडी कमी पडली हे त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

सिस्टर आल्यावर हॅचरीत लाईट जायचं प्रमाण वाढलं, कारण ती त्याच घालवायच्या. कधीही, कुणालाही न सांगता, भर दिवसा येऊन मेन स्विच ओढायच्या आणि उलट्या घड्याळात बघत उभ्या राहायच्या. कोण कुठं पळतं, जनरेटर किती वेळात सुरू होतो, कुठल्या मशीनची दारं कोण उघडतं, सगळं मनात टिपायच्या. दार उघडायच्या मशीनवर त्यांनी लाल फडकं बांधलेलं असायचं आणि बॅच पुढे सरकली की ते फडकं त्या स्वतः सोडून दुसरीकडे बांधायच्या. एकदा त्यांनी स्विच ओढला तेव्हा आप्पा चहा पीत होते. बशी तशीच हातात घेऊन धावत आले.

"बाई, चालती मशीन बंद करताय व्हय? डोकं फिरलंय का काय तुमचं?"

"आप्पा, लाईट तुम्हाला विचारून जाते का?"

"आवो पन म्हनून आपन घालवायची?"

"मी घालवली तर मी परत आणू शकते," सिस्टर म्हणाल्या. "ती आपली आपण गेली म्हणजे नाही आणता येत."

आमच्यापासून कोसभरावर एक मंगल कार्यालय आहे. त्याचा जनरेटर आमच्या जनरेटरच्याच ताकदीचा. सिस्टर तिथल्या मालकाकडे जाऊन बसल्या आणि ठरवून आल्या, की आमचा बंद पडला तर त्याने त्याचा द्यायचा, त्याचा बंद पडला तर आम्ही आमचा. दोन्हीकडे बसेल अशी वायर करून घेतली. पण लग्न असेल त्या दिवशी त्याचा जनरेटर मोकळा नसणार. म्हणून हॅचरीच्या भिंतीवर वर्षभराच्या लग्नतिथ्यांचा कागद लागला. मुहूर्त कधी आणि दाट तिथ्या कुठल्या हे आमच्या आवारात सगळ्यात चोख कुणाला पाठ असेल, तर या उपासनेला जाणाऱ्या बाईंना. तिथी आली की त्या डिझेल जास्तीचं भरून ठेवायच्या. गावातल्या बायका पोरीचं लग्न धरायचं म्हटलं की गमतीने म्हणायच्या, आधी सिस्टरांना विचारा.

प्रत्येक काम दोघांना यायला पाहिजे, हा त्यांचा नियम. आणि दुसरा माणूस त्या मुद्दाम असा निवडायच्या, ज्याला पहिल्याचं कौतुक नाही. स्वतःच्या कामासाठी त्यांनी कमलला निवडलं होतं. कमल मांडवगणचीच, चाळिशीची, आवाज असा की एका सेटरपाशी बोलली तर तिसऱ्या सेटरपाशी ऐकू यावं. सिस्टरांशी तिचं एक दिवस जमत नसे. वटपौर्णिमेला, तिला लवकर घरी जायचं होतं नेमकं तेव्हा, सिस्टरांनी स्विच ओढला होता, तो राग ती वर्षानुवर्षं उगाळत होती. मी सिस्टरांना म्हटलं, अहो इतक्या बायका आहेत, ही भांडकुदळच का? त्या म्हणाल्या, "बाकीच्या मान हलवतात. ही 'का' म्हणून विचारते. मी नसताना मान हलवून काही होणार नाही."

कमलला त्यांनी सगळं शिकवलं. अंड्याची उष्णता बघायला अंडं डोळ्याच्या पापणीला लावायचं, हेही शिकवलं. मशीनवर आकडे दिसतात, पण आकडे लाईटवर चालतात. पापणीची कातडी पातळ, तिला लगेच कळतं. सिस्टर उजव्या डोळ्याला अंडं लावून क्षणभर डोळा मिटायच्या आणि सांगायच्या, ठीक आहे, किंवा जास्त आहे. त्यांचं कधी चुकलेलं मला आठवत नाही.

मला त्यांचा हा सगळा खटाटोप बरीच वर्षं जाच वाटायचा. सारखं काय वाईटच चिंतायचं? एकदा दुपारी जेवताना मी तसं बोलून गेलो. त्या डबा बंद करत होत्या. म्हणाल्या, "सोपानराव, हॉस्पिटलात एकदा माझी ड्यूटी संपली होती. पुढची सिस्टर यायला उशीर होता. माझी एसटी चुकली असती. काचपेटीत एक कमी दिवसांचं बाळ होतं. मी वॉर्डबॉयला तोंडी सांगितलं, लक्ष ठेव, आणि निघाले. त्याच्याकडून परत म्हणून घेतलं नाही. संध्याकाळी लाईट गेली."

"मग?"

"मग काय? एसटी मिळाली मला. बसायला जागासुद्धा मिळाली."

बाळाचं काय झालं ते मी विचारलं नाही. त्यांनी डबा उचलला आणि हात धुवायला गेल्या. त्या दिवसापासून मला त्यांचा राग आला नाही असं नाही, पण तो बोलून दाखवावासा कधी वाटला नाही. मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. हॅचरीत आल्यापासून ही बाई कुठेही मुक्कामाला गेली नव्हती. नगरला भावाच्या मुलीचं लग्न झालं, त्या अक्षता टाकून परत. दौंडला रेल्वेच्या क्वार्टरात त्यांची बहीण राहते, तिच्याकडेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला तरी त्या दोन वर्षं ऑपरेशन पुढे ढकलत राहिल्या. शेवटी अंडं दिसेना पण पापणीला लावता येतं, असं म्हणायला लागल्या, तेव्हा आप्पांनीच दम दिला. मागच्या पावसाळ्यात, अकरा वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी चार दिवसांची रजा घेतली. ऑपरेशन दौंडला, मुक्काम बहिणीकडे. निघायच्या दिवशी कमलला चार्ज द्यायला त्यांना अर्धा दिवस लागला. एकेका मशीनपाशी समजा असं झालं तर, समजा तसं झालं तर. कमल सगळं परत म्हणून दाखवत होती. शेवटी वैतागून म्हणाली, "सिस्टर, आता तुमी जाताय का मी जाऊ?" सिस्टर गेल्या. फाटकापर्यंत तीनदा थांबल्या.

त्यांचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी वरच्या धरणांतून पाणी सोडलं. मी सकाळी पूल ओलांडून आलो, आणि दहाच्या सुमाराला पूल बंद झाला. भीमा उसात शिरली होती. त्याआधीच लाईट गेली होती. सबस्टेशनच्या आवारात पाणी आल्याने तिकडूनच बंद केली होती, केव्हा येईल ते कुणी सांगत नव्हतं. जनरेटर सुरू होता. पाऊस आडवातिडवा आणि ऑगस्ट असूनही अंगावर काटा येईल असा गारवा. हॅचरमध्ये एकोणिसाव्या दिवसाची अंडी होती, त्या महिन्यातली सगळ्यात मोठी बॅच.

दुपारी सव्वाच्या पुढे जनरेटरच्या खोलीतून फाडकन आवाज झाला आणि सगळं शांत झालं. हॅचरीत पंख्यांची घरघर चोवीस तास असते, ती थांबली की कानात दडे बसतात. राजकिशोर धावत आला. "दीदी, बेल्ट टूट गया."

"दुसरा हाय की खिळ्याला," कमल म्हणाली.

"है, लेकिन पहले का बोल्ट जाम है. टाइम लगेगा."

"किती?"

"घंटा. ज्यादा भी."

कमलने मला मंगल कार्यालयाला फोन लावायला सांगितलं. रेंज जात-येत होती, पण लागला. तिथं नदीकाठची कुटुंबं आणून ठेवली होती. तरी मालक म्हणाला, जनरेटर देतो. पण मधल्या ओढ्याला कमरेएवढं पाणी आहे, ट्रॉली आणायची कशी? तो मार्ग संपला. आप्पांनी दुसऱ्या फोनवरून वायरमनला गाठलं. तोही म्हणाला, संध्याकाळपर्यंत नाव काढू नका.

तोवर कमलने हॅचरची दारं सताड उघडली होती आणि बायकांना हाताशी घेऊन आतल्या ट्रॉल्या बाहेर ओढायला लागली होती. आप्पा आत आले ते हे बघूनच हादरले. बाहेर गार वारा, खिडक्यांतून पावसाचे शिंतोडे, आणि अंडी उघड्यावर.

"ए, झाका! झाका आधी!" ते ओरडले. "दारं लावा! सोपाना, घरून घोंगडी आन, पळ!"

मी खरंच दोन पावलं पळालो. खोटं कशाला सांगू, त्या गारठ्यात मलाही तेच बरोबर वाटलं. लाल फडकं डोळ्यांसमोर लोंबत होतं, तरी वाटलं. बायका थांबल्या. एकीने दाराला हातसुद्धा लावला.

कमल हॅचरच्या दारात आडवी उभी राहिली. "दार लावायचं न्हाई, आप्पा."

"कमळे, बाजूला हो. मालक मी हाय."

"मालक तुमीच. पन सिस्टरनी चार्ज माझ्याकडं दिलाय. तुमच्याकडं न्हाई."

असं बोलणाऱ्या बाईचं दुसऱ्या दिवशी काम राहिलं नसतं, हे तिला माहीत होतं. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्यावर. आप्पांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "ही बॅच गेली तर कंपनी माझी अंडी बंद करील," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तो फाटला होता. "समद्यांच्या चुली बंद व्हतील. तुजीबी. मागं एकदा घोंगडी कमी पडली म्हनून मेलीत, कळतंय का तुला?"

कमलने वाद घातला नाही. ट्रॉलीतलं एक अंडं उचललं, आप्पांच्या जवळ गेली, म्हणाली, "डोळा झाका," आणि त्यांनी हो-नाही म्हणायच्या आत ते त्यांच्या पापणीला लावलं.

आप्पांनी मान झटकन मागे घेतली. "आरं, पोळतंय की हे!"

"वीस मिंटं झाली पंखा थांबून. आन् दारं उघडी हायत तरी एवढं. आता घाला घोंगडं."

आप्पांनी ते अंडं तिच्या हातातून घेतलं आणि स्वतःच पुन्हा दुसऱ्या पापणीला लावलं. मग अगदी हळू म्हणाले, "म्हंजी तवाबी... मीच." त्यांनी अंडं जपून जागेवर ठेवलं, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि ट्रॉलीसमोर उभं राहून वारा घालायला लागले.

मग आम्ही सगळ्यांनीच घातला. पिल्लांच्या खोक्यांची पुठ्ठ्याची झाकणं घेऊन, दोन्ही हातांनी, ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी. माझे खांदे भरून आले. कमल एका ट्रॉलीपासून दुसरीपर्यंत जाई, वरचं, मधलं, खालचं अंडं पापणीला लावी आणि ओरडे, "हितं अजून गरम हाय, हिकडं या!" एका टोकाची गार व्हायला लागली तर त्याच आवाजात, "बास, ही ट्रॉली आत ढकला." जनरेटरच्या खोलीतून राजकिशोरच्या हातोडीचे घाव ऐकू यायचे, मध्येच थांबायचे, आणि ते थांबले की माझं लक्ष दाराकडे जायचं. एकदा तो तेलाने माखलेले हात घेऊन दारात आला आणि नुसता उभा राहिला. मला वाटलं, संपलं. त्याला फक्त मोठा पाना हवा होता.

पावणेदोन तासांनी जनरेटर सुरू झाला. पंखे फिरायला लागले तशी कमल तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. तिची उजवी पापणी लालबुंद झाली होती. आप्पांनी तिला पाणी आणून दिलं. "तुझ्या जागी मी असतो तर मालकासमोर उभा राहिलो नसतो," असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "मालकाला कोन घाबरतंय? मी सिस्टरला घाबरत व्हते."

दोन दिवसांनी बॅच निघाली. कोपऱ्यातल्या एका ट्रॉलीत थोडी मर झाली, बाकी पिल्लं नेहमीसारखी. सकाळपासून खोक्यांत चिवचिवाट होता आणि मी चिठ्ठ्या चिकटवत होतो. पूल अजून गाड्यांना बंदच होता, फक्त पायी सोडत होते. अकराच्या सुमाराला फाटकातून सिस्टर आल्या. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, साडी पोटरीपर्यंत चिखलाने भरलेली, हातात मोबाईल. पूल चालत ओलांडून, तिथून कुणाच्यातरी ट्रॅक्टरवर बसून आल्या होत्या. खोक्यांकडे त्यांनी पाहिलं, चिवचिवाट ऐकला, पण चेहरा काही सैल झाला नाही.

"किती वेळ बंद होतं?"

"पावनेदोन तास," कमल म्हणाली आणि सगळं सांगितलं. नर्सने नर्सला सांगावं तसं, मशीनपासून मशीनपर्यंत, एक गोष्ट न गाळता. आप्पांच्या पापणीचंही सांगितलं. आप्पा जवळच होते, त्यांनी नुसती मान खाली घातली.

सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग हातातला मोबाईल वर धरला. "माझा लागत नव्हता का? पूर आल्याचं कळल्यापासून दिवसभर हातात धरून बसले होते मी, तुमची लाईन अडू नये म्हणून स्वतः लावला नाही. डॉक्टरांनी पडून राहा म्हणून सांगितलं होतं तरी. बहिणीलासुद्धा त्यावर बोलू दिलं नाही. किती वेळा लावलात?"

कमलने माझ्याकडे पाहिलं. मी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी खोक्यांकडे.

"खरं सांगू का सिस्टर," कमल म्हणाली, "लावलाच न्हाई."

"रेंज नव्हती?"

"रेंज व्हती की. आप्पांनी वायरमनला लावला, सोपानभाऊंनी कार्यालयात लावला. तुमची... आठवनच न्हाई झाली. सवडच न्हवती."

ते ऐकून मला स्वतःचीच लाज वाटली. नऊ वर्षं ज्या बाईला विचारल्याशिवाय मी खोकंसुद्धा हलवलं नव्हतं, ती त्या पावणेदोन तासांत माझ्या मनातसुद्धा आली नव्हती. आता या दुखावणार, असं वाटून मी काहीतरी सारवासारव करायला लागलो. सिस्टरांनी हात वर करून मला थांबवलं. शेजारी एक रिकामा क्रेट पालथा पडला होता, त्याच्यावर त्या बसल्या. त्यांच्या उघड्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. पट्टीच्या खालूनही यायला लागलं.

"अवो डोळ्याचं आपरेशन झालंय ना तुमचं!" कमल ओरडली. "रडताय काय!"

"रडत नाही गं," सिस्टर म्हणाल्या. पण पाणी थांबेना. कमलने स्वतःच्या पदराचं टोक पुढे केलं, मग पदर स्वच्छ नाही म्हणून मागे घेतलं, आणि काय करावं ते न सुचून त्यांच्याजवळ उकिडवी बसली. एवढ्या वर्षांत मी त्या दोघींना इतकं जवळ बसलेलं पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने सिस्टर उठल्या. आम्हाला वाटलं, आत जाऊन एकेक मशीन बघतील. त्यांनी साडी झटकली, मोबाईल पर्समध्ये टाकून पर्सची चेन लावली.

"फोन लावावा लागला नाही तुम्हाला. आता जाता येतं मला," त्या म्हणाल्या.

"कुठं?" कमलने विचारलं.

"कुठंही. आधी नगरला भावाकडे. मग पुढे."

"आन् येनार कवा?"

सिस्टर फाटकाकडे चालायला लागल्या होत्या. "बघू," त्या म्हणाल्या. हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.